भिंतीला दिलेला आवाज

३ मार्च
स्टुडिओ, दुपार

धाकटे,

तुझ्या भाषांतराचा गठ्ठा पोचला. सील शाबूत होतं, म्हणजे मधे कुणी उघडून शेवट वाचलेला नाही. काय गंमत आहे बघ, सगळं जग बोटाच्या टोकावर कागदपत्रं पाठवतं आणि आपल्याला मात्र कंपनी म्हणते संवाद छापून, पाकीट बंद करून पाठवा, नाहीतर कथा फुटेल. माझं काय जातंय? त्याच पाकिटात तुझं पत्र येतं आणि मला उत्तर लिहायला मिळतं. फोनवर तुझ्याशी दोन शब्द बोलायला जावं तर तुझी ताई हातातून फोन काढून घेते.

कामाचं सांगतो. भिंतीच्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं मराठी डबिंग निम्म्यावर आलं. चित्रं अजून अर्धवटच येतात, कुठे नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, कुठे रंगच नाही. सगळ्या भाषांत एकाच दिवशी दाखवायचं म्हणून ही धावपळ. पण तुझी ताई! अगं, भिंतीला तडे जायला लागल्यापासून तिने जो आवाज लावलाय, फाटका, खरखरीत, मधेच हवा सुटावी तसा, तो मी या धंद्यात आजवर ऐकला नव्हता. मी इथे केबल गुंडाळायला लागलो तेव्हापासून भलेभले घसे या कानांखालून गेलेत, उगाच कौतुक करणारा मी नव्हे. मूळ कंपनीने मुद्दाम कळवलंय की भिंतीचा असा आवाज दुसऱ्या कुठल्याही भाषेत जमलेला नाही. मी तिला विचारलं, "कसं करतेस?" तर म्हणते, "धंद्यातलं गुपित आहे. तुझ्या बायकोलासुद्धा सांगायची नाही."

तेव्हा तू तिला असेच तुटके संवाद देत जा.

आणि हे सगळं पुराण एकदा मला समजावून सांग. मला ऐकू येतं तेवढंच कळतं. ही भिंत चांगली की वाईट? इथे पोरं त्यावरून भांडतात. माझा रेकॉर्डिंगवाला म्हणतो ती राखणदार, कप्तानाचा आवाज देणारा म्हणतो ती तुरुंग. मी म्हटलं, भांडणाचा ओव्हरटाइम मिळत नाही, घरी जाऊन भांडा.

कान अजून शाबूत असलेला,
तुझा भाऊजी


११ मार्च

कानसेन भाऊजी,

पुराण ऐका. शहराबाहेर धुकं आणि धुक्यात 'भुके'. नुसत्या दगडांची भिंत टिकेना, रात्री बांधलेली सकाळी ढासळलेली. मग ठरलं की प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. जीव नव्हे, आवाज. त्या माणसाने ओल्या चुन्याशी तोंड नेऊन आपलं सगळं बोलणं त्यात ओतायचं, माणसांची नावं, शिव्या, गाणी, सगळं. ओतून झालं की तो जन्माचा मुका. त्याच्या मनगटाला करडा दोरा बांधतात. बाजारात त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, पण त्याच्यापाशी फार वेळ कुणी बसतही नाही. पोरं भिंतीला कान लावून आपल्या आजोबांना ऐकतात.

म्हणजे भिंत ही एक बाई नाहीच, अख्ख्या गावाचं बोलणं आहे. म्हणून तर ताईला ती जमते. वर्षानुवर्षं तिने काय केलं? बाजारातली बाई, पळणारी बाई, किंचाळणारी बाई. गर्दीतच तिचा जन्म गेला.

चांगली की वाईट, ते तिसऱ्या पर्वात कळतं. भुके येतात ते भिंतीच्या गुणगुणण्यामुळेच. तिच्यात त्यांना आपली माणसं ऐकू येतात. तेही याच शहरातले, बांधकामाच्या वेळी बाहेर राहिलेले. ते आतल्यांना नावानं हाका मारतात, आणि त्या हाका आत ऐकू येऊ नयेत म्हणून भिंत गुणगुणत राहते. जी राखते तीच बोलावते. हे कप्तानाला सांगू नका, लगेच मिशीला पीळ देईल.

आता माझं ऐका. रविवारी ताईचा फोन आला होता. पडद्यांचं कापड कुठलं घेऊ एवढंच विचारायचं होतं, पण आवाज भिंतीचा. मी म्हटलं, "ताई, नाटक पुरे, माझ्यासमोर कशाला?" ती हसली. भाऊजी, ते हसूसुद्धा फुटकं होतं. पडद्याच्या कापडासाठी कुणी असा आवाज लावतं का?

एकदा माइक बंद करून घरी कान लावा.

तुमची, जरा घाबरलेली,
मेव्हणी


२२ मार्च

धाकटे,

लावला कान.

काय ऐकू आलं सांगू? काहीच नाही. आमच्या घरात बोलणं राहिलेलंच नाही. मला जेवायला बोलवायचं तर ती ताटावर चमचा वाजवते. आतल्या खोलीतून हाक मारायच्या ऐवजी उठून दारात येऊन उभी राहते. मला वाटत होतं बाई स्टुडिओसाठी घसा राखतेय. खरं सांगू, मला ती शांतता बरीही वाटत होती. दिवसभर आवाजात राहणाऱ्याला घरी आणखी काय हवं असतं?

मी म्हटलं, "जरा साध्या आवाजात माझं नाव घे." तिने घेतलं, तेही भिंतीच्याच आवाजात. मी तिला अगं-तूगं करत, चेष्टा करत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून दुर्बिणीतून घशात पाहिलं आणि तुकडा तपासायला पाठवला. तपासताना ते मला म्हणाले, "आवाज असा कधीपासून आहे?" काय सांगणार, दुसऱ्या पर्वापासून?

बाहेर येऊन तिला विचारलं, "बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "पहिल्यांदा आवाज फाटला तेव्हा मी पाणी मागणार होते. तेवढ्यात तू काचेपलीकडे उभा राहून टाळ्या वाजवायला लागलास."

तुला सांगू नको असं तिने बजावलंय. तेव्हा तुला काही माहीत नाही.

तुझा भाऊजी


२९ मार्च

भाऊजी,

मला काही माहीत नाही. तसाच फोन केला ताईला. ती म्हणाली, "जरा सर्दी आहे." मी म्हटलं, "वाफ घे." दोघी बहिणी काय सुंदर खोटं बोललो म्हणून सांगू. फोन ठेवला आणि बसल्या जागी रडले.

तिसऱ्या पर्वाचे पहिले भाग पाठवतेय. त्यात मी एक केलंय. माणसाच्या पात्राला संवाद देताना त्याच्या ओठांचं माप सांभाळावं लागतं. भिंतीला ओठ नाहीत. मूळ भाषेत ती दहा वाक्यं बोलो, आपल्याकडे तीन बोलली तर चित्रात काही बिघडत नाही. मी भिंतीचं बोलणं छाटलंय. जिथे भाषण होतं तिथे एक वाक्य, जिथे वाक्य होतं तिथे नुसतं गुणगुणणं, आणि ते तुम्ही मागच्या पर्वातलं उचलून लावू शकता. ताईला जेवढं कमी बोलावं लागेल तेवढं बरं. मालिका मी लिहिलेली नाही, त्यामुळे भिंतीला पाडू शकत नाही. नाहीतर पहिल्याच भागात पाडली असती.

तिला कळू देऊ नका. तपासणीचं काय झालं ते लगेच लिहा.

मेव्हणी


९ एप्रिल

धाकटे,

जे नको होतं तेच निघालं. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती वाईट जातीची आहे. डॉक्टर माणूस सरळ आहे, फिरवून बोलला नाही. आत्ता किरणांचे उपचार सुरू केले तर गाठ जाईल आणि आवाजही थोडाफार राहील. थांबलात तर पुढे स्वरयंत्रच काढावं लागेल. मी म्हटलं, उद्या येतो. ती म्हणाली, "मालिका संपल्यावर येते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, जसा काही मी मुखत्यार आहे.

घरी आल्यावर मी सगळी अस्त्रं काढली. चिडलो, विनवण्या केल्या, तुझी शपथ घातली. मग माझ्या हातात होतं ते केलं. दुसरी बाई बोलावली. चांगली आहे, नाटकातली आहे. तिला माइकपुढे उभी केली, तर तुझी ताई शांतपणे आत आली, त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला त्रास झाला, माफ करा. जागा भरलेली आहे." आणि काचेतून मला म्हणाली, "किरणं दिल्यावर घसा भाजतो, हे तुझ्यासमोरच सांगितलं ना त्याने? म्हणजे ही मालिका तर गेलीच. उरेल त्या आवाजात मी पुन्हा बाजारातली बाई. भाजी काय भाव. मला नाही करायचं ते."

मी म्हटलं, "मालक मी आहे इथला."

"मग काढ मला," ती म्हणाली. "पण मग घरीही एक शब्द मिळायचा नाही. जेवढे उरलेत ते मी शेजारणीशी बोलून संपवीन."

पोरं खाली मान घालून वायरी तपासत बसली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. दुसरं काय करणार होतो? तिला उचलून इस्पितळात नेऊन टाकू? मोठ्या बाईला तिच्या मनाविरुद्ध वाचवायची सोय कुठल्या कायद्यात असेल तर कळव.

तुझे छाटलेले संवाद चालवतोय. अजून तिच्या लक्षात आलेलं नाही.

तुझा भाऊजी


१७ एप्रिल

धाकटे,

तुझ्या भाऊजींच्या कपाटातून तुझी पत्रं काढून वाचली. ते लपवून ठेवतात ती जागा मला लग्नापासून ठाऊक आहे. तेव्हा आता माझी सर्दी आणि तुझी वाफ दोन्ही पुरे.

तू भिंतीचं बोलणं छाटलंस. मला भाषा येत नसली तरी मूळ मालिका मी ऐकते, बाई. तिथे ती दीर्घ बोलते, शहरावरून पहाट सरकत जाते, आणि माझ्याकडे एक वाक्य! उरलेला वेळ मी मागच्या पर्वातलंच गुणगुणत उभी. मला वाटलं कंपनीने कापलं. तू कापशील असं वाटलं नव्हतं. माझ्या वेण्या घालताना तू केस ओढायचीस तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते.

तू म्हणशील, ताईला मरायची हौस आहे. नाही गं. मला भीती वाटते. पहाटे जाग येते तेव्हा मी हळूच स्वतःशी बोलून बघते, आहे का अजून. पण मला दुसरीही भीती वाटते. इतकी वर्षं मी बोलतेय आणि माझं असं एकही वाक्य कुणाच्या लक्षात नाही. किंचाळ्या आहेत, पुष्कळ आहेत. वाक्य नाही. ही भिंत शेवटच्या भागात सगळ्या शहराशी बोलते, हे तूच मागे मला सांगितलं होतंस. तेवढं मला बोलू दे. मग खुशाल करडा दोरा बांधा. रांगेत उभं राहायला नको, हा एक फायदाच.

शेवटच्या भागातला एक शब्द कमी झाला तर मी तुला ओळखत नाही.

ताई


२५ एप्रिल

भाऊजी,

ताईचं पत्र तुम्ही वाचलं असेलच. आपल्या घरात कुठलंच पत्र एकट्याचं राहत नाही.

शेवटच्या भागातलं भिंतीचं भाषण पूर्ण पाठवतेय. मला नाही म्हणता आलं नाही. रात्रभर विचार केला की मी नाही म्हटलं तर काय होईल, तर भाषा येत नसली तरी ती मूळ कुणाकडून तरी समजून घेऊन स्वतःच भाषांतर करेल. आपल्या ताईला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. ती म्हणते तेच आहे ते, सगळ्या मालिकेत भिंत पहिल्यांदा आणि शेवटचं खरं बोलते:

"लेकरांनो, मी तुम्हाला त्यांच्यापासून राखलं नाही. मी तुम्हाला ऐकू येऊ दिलं नाही. बाहेर जे ओरडतायत ते तुमचीच नावं घेतायत. तुमच्या आज्या-पणज्यांनी मला त्यांचं बोलणं दिलं, आणि मी ते तुमच्या कानांत भरून ठेवलं, की दुसरं काही आत शिरू नये. मला वाटलं, हीच माया. आता मी थांबते. ऐका."

पुढेही आहे, पण मला ते पुन्हा लिहवत नाही. एका टेकमध्ये घ्या. पुन्हा म्हणायला लावू नका, कितीही बारीक चूक झाली तरी. आणि ते झालं की त्याच दिवशी, कपडेही न बदलता, तिला डॉक्टरांकडे न्या.

मेव्हणी


१९ मे

धाकटे,

एका टेकमध्ये झालं. मी कसं झालं ते लिहिणार नाही. कारण मला सांगता येत नाही. पोरं बाहेर गेली आणि बराच वेळ आत आलीच नाहीत, एवढंच.

त्याच दिवशी नेलं. उशीर झाला होता. किरणांनी भागण्यातलं राहिलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात स्वरयंत्र काढलं. गळ्याला खालच्या बाजूला श्वासासाठी भोक आहे, तिथे ती पातळ रुमाल बांधते. गाठ सगळी निघाली म्हणतात. माणूस राहिला. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा स्वतःला ऐकवतो, मोजलेलं नाही.

आता तिला एकच ध्यास आहे, शेवटचा भाग कधी दाखवणार. तारीख लिहून भिंतीवर चिकटवलीये. त्या दिवशी स्टुडिओतली सगळी मंडळी घरी बोलावलीत. खुर्च्या कुठे मांडायच्या तेही ठरलंय. पाटीवर लिहून हुकूम सोडत असते, आणि माझं उत्तर यायच्या आत पुसून पुढचा. पूर्वी निदान तिला श्वास घ्यायला थांबावं लागायचं.

तू त्या दिवशी ये. मोडलेल्या पायामुळे नाही जमलं तर नाही. पण ये.

तुझा भाऊजी


२ जून

भाऊजी,

हे कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. कंपनीकडून भाषांतरकारांना पत्रक आलंय. चित्रं पूर्ण झाल्यावर मूळ दिग्दर्शकाला वाटलं की शेवटी भिंतीने बोलू नये. तिने नुसतं गप्प व्हावं. इतकी वर्षं चाललेलं गुणगुणणं एकदम थांबतं, शहरातली माणसं दारात येतात, आणि बऱ्याच वेळाने बाहेरच्या हाका ऐकू येतात. भाषण काढलंय, सगळ्या भाषांतून. नव्याने काही रेकॉर्डिंग करायचं नाही, फक्त संवादांच्या यादीत तेवढं खोडा, असं लिहिलंय.

मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं, ताईबद्दल सगळं सांगितलं. उत्तर सभ्य आलं. त्यांना फार वाईट वाटलं. निर्णय झालेला आहे.

आणि भाऊजी, दिग्दर्शकाचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. मी ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं. भिंत नुसती थांबली तर जास्त लागतं. मी भांडायला तरी कुणाशी भांडू?

ताईला तुम्ही सांगा. मी फोनवर सांगायला गेले तर पलीकडून काहीच ऐकू येणार नाही, आणि ते मला सोसणार नाही. माझ्या पायाचं प्लास्टर अजून निघालेलं नाही, मला प्रवास करता येत नाही. तुमच्यावर टाकतेय, माफ करा.

मेव्हणी


१४ जून

धाकटे,

सांगितलं नाही. रोज सांगणार होतो. सकाळी ठरवायचो की दुपारी, दुपारी ठरवायचो की जेवण झाल्यावर. ती समोर बसून चादरींच्या घड्या घालत असायची आणि मी तोंड उघडलं की पाटी उचलून लिहायची, "काय?" मी म्हणायचो, "काही नाही, पाणी दे." इतकं पाणी मी आयुष्यात प्यायलेलो नाही. घरात दोन माणसं, त्यातलं एक बोलू शकत होतं, आणि तेही बोललं नाही.

काल सगळे आले. रेकॉर्डिंगवाला, कप्तान, ती नाटकातली बाईसुद्धा; तुझ्या ताईनेच तिला बोलावलं होतं. खुर्च्या ठरल्याप्रमाणे. ती मधोमध, नवा रुमाल बांधून. पोरांना मी आधी जिन्यात गाठून कळवलं होतं, त्यामुळे सगळे इतके हसतमुख होते की कुणालाही संशय यावा.

भिंतीचं गुणगुणणं थांबलं. पडद्यावर शहर, पहाट, दारं उघडतायत. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल. तिने नाही बघितलं. थोडा वेळ ती वाट पाहत होती, पुढे झुकून. मग तिला कळलं. कळलेलं मी बघितलं, पाठमोरीच होती तरी.

आणि मग तिने सुरुवात केली. "लेकरांनो" पासून. खिडकीच्या काचेत तिचे ओठ हलताना दिसत होते, हात मांडीवर, मान माइकपुढे धरते तशी किंचित तिरकी. सगळं म्हटलं तिने, जिथे थांबायचं तिथे थांबली, श्वास घेतला, पुढे गेली. मी काय केलं सांगू? रिमोट उचलला आणि आवाज वाढवत गेलो. शेवटपर्यंत वाढवला. नुसती सळसळ. कप्तानाने हलकेच माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

तिचं संपलं तेव्हा बाहेरच्यांच्या हाका सुरू झाल्या होत्या. ती खुर्चीत मागे वळली आणि माझ्याकडे पाहिलं, टेक संपल्यावर काचेपलीकडे माझ्याकडे बघून विचारते तसं, की झालं का बरोबर, की परत घ्यायचं.

एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं. मी अंगठा वर केला.

भाऊजी